औषधी स्टेंट : खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतरची

तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या सालवडसारख्या गावात एखाद्या कामगाराच्या छातीत कळ आली, तर अँजिओप्लास्टीसाठी त्याला बहुधा वसई-विरार, मुंबई किंवा गुजरातेतील वापी-वलसाडचा रस्ता धरावा लागतो. तेथे पोहोचताच नातेवाइकांपुढे प्रश्न येतो तो स्टेंटचा. साधा की औषधवेष्टित, देशी की परदेशी? काही मिनिटांत घ्यावयाच्या या निर्णयाचे परिणाम मात्र पुढील अनेक वर्षे भोगावयाचे असतात. म्हणूनच गेल्या दोन दशकांच्या अनुभवातून काय सिद्ध झाले, हे शांतपणे तपासणे आवश्यक आहे.

अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद करून ती पुन्हा मिटू नये म्हणून बसविलेली धातूची बारीक जाळी म्हणजे स्टेंट. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये एक दोष होता. जाळीभोवती पेशींची अतिरिक्त वाढ होऊन सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत धमनी पुन्हा अरुंद होत असे. ही वाढ रोखणारे औषध जाळीवर लेपून ते हळूहळू पाझरत ठेवण्याची कल्पना पुढे आली. सिरोलिमसचा लेप असलेल्या ‘सायफर’ला अमेरिकेत एप्रिल २००३ मध्ये, तर पॅक्लिटॅक्सेलचा लेप असलेल्या ‘टॅक्सस’ला मार्च २००४ मध्ये मान्यता मिळाली. जगभर या स्टेंटचे जंगी स्वागत झाले.

या उत्साहाला सप्टेंबर २००६ मध्ये बार्सिलोनातील जागतिक परिषदेत धक्का बसला. पेशींची अनावश्यक वाढ रोखणारे औषध धमनीच्या आतील नैसर्गिक अस्तराची वाढही लांबवते. परिणामी जाळी उघडी राहून तिच्यावर वर्ष-दोन वर्षांनीही रक्ताची गुठळी बसू शकते, अशी शंका तेथे मांडली गेली. अशी गुठळी बहुतेकदा हृदयविकाराच्या तीव्र झटक्याच्या रूपाने प्रकट होते. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने या प्रश्नाचा ऊहापोह केला. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या किमान वर्षभर घ्याव्यात, हा आग्रह त्यातूनच दृढ झाला.

नवी पिढी, नवे निष्कर्ष

त्यानंतरच्या पिढीत जाळीच्या तारा पातळ झाल्या, लेप सौम्य झाला, औषधे बदलली. याचा लाभ नॉर्वेतील २०१६ च्या अभ्यासात दिसला. ९,०१३ रुग्णांची सहा वर्षे पाहणी केल्यावर मृत्यू किंवा झटक्याचे एकत्रित प्रमाण औषधी स्टेंटमध्ये १६.६ टक्के, तर साध्या स्टेंटमध्ये १७.१ टक्के आढळले. म्हणजे फरक नगण्यच. मात्र पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण १९.८ वरून १६.५ टक्क्यांवर आले. गुठळी होण्याचे प्रमाणही १.२ वरून ०.८ टक्क्यांवर उतरले. थोडक्यात, औषधी स्टेंट आयुष्य वाढवतो असे नव्हे. तो दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका कमी करतो आणि नव्या पिढीत ते सुरक्षितपणे करतो.

अर्थात धोका पूर्णपणे टळत नाही. १९ चाचण्यांतील २५,०३२ रुग्णांच्या २०२० मधील विश्लेषणानुसार, पहिल्या वर्षानंतरही स्टेंटशी निगडित त्रासाचे प्रमाण दरवर्षी सुमारे दोन टक्के राहते. शरीरात विरघळून जाणाऱ्या ‘अॅब्सॉर्ब’ स्टेंटकडून मोठ्या अपेक्षा होत्या. परंतु गुठळ्यांचे प्रमाण अधिक आढळले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. नवे ते चांगलेच, हा समज त्यामुळे फोल ठरला.

देशी-परदेशीचा वाद

मुंबईत अमान्य स्टेंट वापरल्याचे प्रकरण २००४ मध्ये गाजले. पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्राने स्टेंटसह दहा उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आणली. आज परिस्थिती बरीच पालटली आहे. पालघरच्याच रेल्वेमार्गावरील सुरतमध्ये बनणाऱ्या ‘सुप्राफ्लेक्स’ची युरोपातील १,४३५ रुग्णांवर नामांकित परदेशी स्टेंटशी तुलना झाली. वर्षभरात अपयशाचे प्रमाण अनुक्रमे ४.९ व ५.३ टक्के होते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘परदेशी’ या शब्दाला भुलण्याचे कारण नाही. मात्र ज्या देशी स्टेंटची अशी चाचणी झालेली नाही, त्याला हे प्रमाणपत्र आपोआप लागू होत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्यापूर्वी हाच स्टेंट लाखाच्या घरात जात असे. एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा करांव्यतिरिक्त ३८,९३३ रुपये झाली. स्टेंटचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि किंमत देयकात स्वतंत्र दाखवणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. नातेवाइकांनी हे देयक मागून घ्यावे आणि जपून ठेवावे.

खरी चिंता वेगळीच आहे. झटक्यानंतर साधारणपणे वर्षभर दोन गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांसाठी डॉक्टर हा काळ कमी करतात. कंत्राट संपले, पाळी बदलली, दात काढायचा ठरला, किंवा बरे वाटू लागले म्हणून या गोळ्या परस्पर बंद केल्या जातात, तेव्हाच गुठळीचा धोका सर्वाधिक बळावतो. शासकीय आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी मोफत झाली, तरी नंतरच्या बारा महिन्यांची गोळी आणि तपासणी गावाजवळ मिळाली नाही, तर महागडा स्टेंटही निरुपयोगी ठरू शकतो. बोईसर-तारापूरसारख्या कामगारवस्तीत आरोग्ययंत्रणेने आणि कारखान्यांनी लक्ष द्यावयाचे ते प्रथम येथेच.