दुरुस्तीचाही आवाज मोठा हवा

अब्रू म्हणजे काचेचे भांडे, असे आपली वाडवडील माणसे सांगत आली. ते फुटायला किती वेळ लागतो? दूरचित्रवाणीच्या हिशेबाने काही सेकंद पुरतात.

सप्टेंबर २००८ मध्ये एका इंग्रजी वृत्तवाहिनीने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याची बातमी देताना संबंधित न्यायाधीशाऐवजी पुण्याचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र दाखविले. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष असलेल्या या गृहस्थांचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. चूक ध्यानी येताच चित्र काढले गेले. जाहीर दिलगिरी मात्र न्यायमूर्तींची नोटीस गेल्यानंतरच आली. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्यांना १०० कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. अपील चालविण्यासाठी वाहिनीने २० कोटी रोख भरावेत आणि ८० कोटींची बँक हमी द्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ केली नाही.

या निकालाने अनेकांना समाधान वाटले. आम्हांला ते वाटत नाही. हीच चूक एखाद्या रिक्षावाल्याच्या किंवा शाळेतील शिपायाच्या बाबतीत घडली असती, तर त्याने काय केले असते? भरपाईचा दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायालयीन शुल्क भरावे लागते. वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा निराळ्याच. उलटपक्षी, शंभर कोटींच्या आकड्याने एखादे लहान नियतकालिक सत्य लिहितानाही कचरेल. फौजदारी कायद्यातील दोन वर्षांच्या कैदेची तरतूदही अशीच दुधारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती वैध ठरविली आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती कायम आहे. बलवंताच्या हातात ती लेखणी मोडण्याचे हत्यार होते. दुबळ्याच्या हाती ती पोहोचतच नाही.

मग दुबळ्याने जावे कोठे? तक्रार करावी, असे सांगितले जाते. २००८ मध्ये वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तक्रारनिवारणाची व्यवस्था उभारली. परंतु २००९ मध्ये दंड होताच एक वाहिनी संघटनेतूनच बाहेर पडली! कमाल दंड होता एक लाख रुपये. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्याच्या परिणामकारकतेविषयी शंका व्यक्त केली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी तक्रारीची पोच २४ तासांत आणि उत्तर १५ दिवसांत देण्याचे बंधन वाहिनीवर घातले. त्यानंतर स्वयंनियामक मंडळाकडे अपील करता येते. ही सुधारणा आम्ही मान्य करतो. पण या शिडीची वरची पायरी सरकारी आहे, आणि सरकारवर टीका करणाऱ्यांचा शेवटचा न्याय सरकारने करावा, हे आम्हांला पटत नाही.

दंडाचा आकडा वाढवून प्रश्न सुटेल, असेही आम्ही मानत नाही. दंड भरून वाहिनी मोकळी होते. ज्याचे नाव डागाळले त्याच्या गल्लीत मात्र बदनामी तशीच राहते. ज्या वेळी, ज्या कार्यक्रमात, जितका काळ आणि जितक्या मोठ्या आवाजात असत्य सांगितले गेले, त्याच वेळी, त्याच कार्यक्रमात, तितकाच काळ आणि तितक्याच मोठ्या आवाजात ते मागे घेतले जावे. पडद्याच्या तळाशी धावणारी बारीक ओळ म्हणजे क्षमायाचना नव्हे. त्यासाठी सरकार आणि वाहिन्या या दोहोंपासून स्वतंत्र असे मंडळ हवे, आणि तेथे मराठीत लिहिलेल्या साध्या अर्जाची विनाशुल्क दखल घेतली जावी.

असे झाले तर प्रामाणिक पत्रकाराला तुरुंगाची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही, आणि निरपराध माणसाला आपले नाव परत मिळविण्यासाठी न्यायमूर्ती असावे लागणार नाही. वाचकहो, ही मागणी फार मोठी आहे काय?