पोट दिसतंय, तरी पुरावा मागतात



आपल्या पोरांना संविधानाची कलमं तोंडपाठ असतात. सभेत धडाधड म्हणून दाखवतात. चांगली गोष्ट आहे. पण एका कायद्याचं एक कलम कुणाच्या तोंडून ऐकायला येत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३. कलम ४. या देशातल्या प्रत्येक गरोदर बाईला गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून फुकट आहार. आणि वर, सरकारी कायम नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्यानं असाच लाभ मिळणाऱ्या बाया सोडल्या तर, सहा हजार रुपयांपेक्षा कमी नाही एवढी रोख रक्कम. ‘प्रत्येक’ हा शब्द माझा नाही, कायद्याचा आहे. पहिलटकरीण, दुसरटकरीण, लग्नाची, टाकलेली, असं काहीही त्यात म्हटलेलं नाही.

आता सरकारनं काय केलं ते बघा. २०१७ साली प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आणली आणि सहाचे पाच केले. वरून सांगितलं, फक्त पहिल्या बाळंतपणाला. उरलेला हजार कुठं गेला विचारलं तर म्हणाले, जननी सुरक्षा योजनेचे मिळतात ते धरा, सरासरीनं सहा होतात. सरासरी! महाराष्ट्रातल्या शहरात जननी सुरक्षेचे ६०० रुपये आहेत, आणि तेही दलित, आदिवासी, दारिद्र्यरेषेखालची बाई असली तर. पाच हजार अधिक सहाशे म्हणजे पाच हजार सहाशे. गोदीत गोण्या मोजणाऱ्या मुकादमाला कळतं एवढं गणित दिल्लीत कुणाला कळत नाही असं नाही. कळतं. पण ज्या बाईच्या पोटचे चारशे कापले ती कोर्टात जाणार नाही हेही त्यांना कळतं.

२०२२ पासून दुसऱ्या खेपेलाही पैसे मिळतात, सहा हजार. पण कधी? मुलगी झाली तर. झाल्यावर. मुलीच्या जन्माचं स्वागत करा, आमची हरकत नाही. पण बाईला भूक लागते ती पोटात पोर असताना. पोटात काय आहे हे बघणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. मग नऊ महिने तिनं काय खायचं? मुलगा झाला तर त्या नऊ महिन्यांचा हिशेब बुडीत खात्यात. रक्त आटवताना आई पोरगा-पोरगी बघत नाही, सरकार मात्र बघतं.

दुसरा हिशेब मांडतो. पक्क्या नोकरीतल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कायदा चांगला आहे, ती रजा तिच्या हक्काची आहे. पण बर्फात हात घालून कोळंबी सोलणारी बाई, चार घरची भांडी घासणारी बाई, नाक्यावर उभी राहणारी बाई, हिला काय? पाच हजार. २६ आठवड्यांचे १८२ दिवस. भागाकार करा. दिवसाला साडेसत्तावीस रुपये. एवढ्या पैशात ही बाई आठव्या महिन्यात कामावरून घरी बसेल असं ज्यानं ठरवलं, त्यानं एक दिवस साडेसत्तावीस रुपयांत दोन वेळचं जेवून दाखवावं. मी गोदीवर त्याची वाट बघतो.

बरं, ही साडेसत्तावीसची खैरात तरी सरळ हातात पडते का?

माझ्या घरातलंच सांगतो. मी गोदीत ठेकेदाराकडं हजेरीवर. बायको पहिलटकरीण. तिचं आधार माहेरचं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव सगळं परभणीकडचं. दवाखान्याच्या कार्डावर सासरचं नाव, कारण नोंद करणाऱ्या बाईनं ‘नवऱ्याचं नाव सांगा’ एवढंच विचारलं. बँकेचं खातं माहेरच्या नावानं. आणि रेशनकार्डात ती कुठंच नाही. माहेरच्या कार्डातनं नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग इथं चढवू. तो दाखला आणायला परभणी. आधारवर नाव बदलायला लग्नाचा दाखला. लग्नाचा दाखला काढायला पुन्हा आधार. एक फेरी म्हणजे एक खाडा. माझे पाच खाडे झाले. ती एकदा माझ्याबरोबर आली, चार तास उभी राहिली, खिडकीवरचा म्हणाला, नाव जुळत नाही. मी म्हटलं, साहेब, पोट दिसतंय ना? तो म्हणाला, पोट सिस्टीमला दिसत नाही.

खरंच बोलला तो. सिस्टीमला पोट दिसत नाही.

लग्न झालं की बाईचं नाव पुसायचं ही रीत तिनं लावली नाही. समाजानं लावली. आता तोच समाज खिडकीत बसून तिलाच विचारतो, तू नक्की कोण? एका देहाची दोन नावं आणि त्या दोन नावांच्या मधल्या फटीत तिचे पाच हजार पडतात.

एकानं सल्ला दिला, जातीचा दाखला जोडा, काम होईल. दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. माझा आजा १९७२ च्या दुष्काळात मुंबईला आला तेव्हा त्याच्या डोक्यावर बोचकं होतं, बोचक्यात पुरावा नव्हता. गावात हाक मारताना जात विसरली नाही कुणी, कागदावर लिहायची म्हटली की पुरावा आणा!

आणि आता ध्यानात ठेवा, योजनेचा नियम काय आहे. अन्न सुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, जातीचा दाखला, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, अशी यादी आहे आणि त्यातला कोणताही एक कागद पुरे. एक! नवऱ्याच्या आधारची सक्तीसुद्धा २०२२ च्या नव्या नियमांत काढलेली आहे, टाकलेल्या आणि एकट्या बायांचा विचार करून. खिडकीवर मात्र सगळेच कागद मागतात, आणि नवरा कुठंय म्हणून विचारतात. ज्याला नियम माहीत नाही त्याला खिडकी हाच नियम.

आहाराचं तेच. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पन्नास वर्षं होऊन गेली. गरोदर बाईला रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं जादा मिळायला हवीत असं कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय. सुप्रीम कोर्टानं २००४ साली सांगितलं, अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, आणि दलित-आदिवासी वस्त्यांत अंगणवाड्या लवकरात लवकर उघडा. आपल्या वस्तीतली अंगणवाडी जाऊन बघा. भाड्याची खोली, पत्रा तापलेला, कोपऱ्यात पाकिटांची खोकी. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं गरम जेवण द्यायचं ठरलं. शहरातल्या झोपडपट्टीतल्या बाईचं पोट काय थंड असतं? तिला घरी न्यायचं पाकीट. घरी पाच तोंडं. ते पाकीट एकटीनं खाणारी आई मी अजून बघितली नाही.

वरून २०२५ पासून नवी तऱ्हा. पाकीट न्यायला आलेल्या बाईचा चेहरा मोबाईलवर जुळला पाहिजे. नेट नाही, चेहरा नाही. गरोदरपणात बाईचं तोंड सुजतं हे घराघरातल्या म्हातारीला माहीत आहे. रेशनच्या दुकानात अंगठा. कोळंबी सोलून ज्यांच्या बोटांची सालं गेली त्यांचा अंगठा उमटायचा कसा? चोरी ठेकेदारीत होते आणि झडती गरोदर बाईची घेतात.

पण एक सांगतो. अंगणवाडीतल्या बाईवर ओरडू नका. तिला पगार नाही, मानधन आहे. मोबाईल ती चालवते, फोटो ती काढते, शिव्याही तीच खाते. डिसेंबर २०२३ ला महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या आणि जानेवारी २०२४ पर्यंत चिवटपणे टिकल्या. त्या आपल्याच बाया आहेत. भांडण खिडकीच्या अलीकडच्यांत लावून देणं ही या व्यवस्थेची जुनी हिकमत आहे.

काही मित्र म्हणतात, हे फॉर्म भरणं वगैरे समाजसेवा झाली, याचा क्रांतीशी काय संबंध? आपण व्यवस्था उलथायला निघालोय, पाच हजारांची भीक मागायला नाही.

या मित्रांनी जरा मागं वळून बघावं. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या लाभाचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मालकासोबत सरकारनंही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ ला तो कायदा झाला. महाडचा सत्याग्रह १९२७ चा आहे. म्हणजे चवदार तळ्याचं पाणी आणि गिरणीतल्या बाईचं बाळंतपण ही दोन्ही कामं एकाच माणसानं पाठोपाठ हातात घेतली. त्याला एक क्रांती आणि दुसरी समाजसेवा वाटली नाही. आपल्याला का वाटावी?

भीक म्हणायची तर ती देणाऱ्याच्या मर्जीची असते. इथं कायदा आहे. आहार मिळाला नाही तर कलम ८ प्रमाणं त्याबदली भत्ता द्यावा लागतो. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्याला अन्न आयोग आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं फुकट आहे. तरी ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी मिळते आणि नवरा उसने काढायला पळतो. ज्याला हक्क माहीत नाही त्याला तो भीक म्हणूनही मिळत नाही.

देशात गरोदर बायांमध्ये १०० पैकी ५२ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीनं हे सांगितलंय. आपण ‘आमच्या रक्तात आग आहे’ अशा कविता लिहितो. मीही लिहितो. पण आधी आईच्या अंगात रक्त तर पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक छावणीनं, प्रत्येक शाखेनं आठवड्यातली एक संध्याकाळ वस्तीत टेबल टाकावं. कोण गरोदर आहे, नोंद झाली का, कार्ड मिळालं का, कुणाचं नाव कुठं अडलंय ते लिहून घ्यावं. मुदत चुकू देऊ नये. नोंद आणि पहिली तपासणी पहिल्या सहा महिन्यांत झालीच पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, त्या दिवशी आपली चार पोरं तिथं हजर हवीत. खिडकीवर नाही म्हटलं तर लेखी मागावं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नये. बाईला चार तास उभं करू नये, आपण उभं राहावं. आणि हे सगळं करताना पोरांनी पोरींच्या, बायांच्या हाताखाली काम करावं, कारण कुणाचं काय अडलंय ते त्यांनाच ठाऊक आहे.

हे झालं रोजचं. आणि मोर्चाची मागणी वेगळी: कायद्यातले सहा हजार पुरे द्या, प्रत्येक बाईला द्या, प्रत्येक खेपेला द्या, २०१३ चा आकडा आजच्या महागाईला जोडा. वस्तीत गरम जेवण द्या. चेहरा आणि अंगठा जुळला नाही म्हणून एकाही बाईला परत पाठवू नका.

टेबल टाकलं तर मोर्चा मोठा होईल, लिहून ठेवा. ज्या बाईसाठी आपण खिडकीवर भांडलो ती उद्या पोर कडेवर घेऊन आपल्या पुढं चालेल.

माझ्या बायकोचा अर्ज अजून लटकलेलाच आहे. सहावा खाडा सोमवारी. ज्यांना यायचंय त्यांनी या, पण आपापल्या गल्लीतल्या एका तरी बाईचा कागद बरोबर घेऊन या.

जय भीम.