मनाची रोजकीर्द

सामायिकास बसलेल्या व्यापाऱ्याच्या मनात ४८ मिनिटांत किती वेळा दुकान उघडते, याची मोजदाद कोणी केलेली नाही. मुखाने पाठ चालू असतो. आत मात्र थकलेली उधारी, उद्याचा भाव आणि शेजारच्या पेढीने तोडलेले गिऱ्हाईक यांची ये-जा सुरू असते. उठताना वाटते, आजचे सामायिक वाया गेले. आम्ही स्वतः यास अपवाद नाही, म्हणूनच हा विषय सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

या अडचणीचा विचार बौद्ध परंपरेने फार बारकाईने केला आहे. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने दुसऱ्या घरची चांगली रीत समजून घेण्यास संकोच का करावा? पाली मज्झिमनिकायातील सतिपट्ठानसुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी स्मृतीची चार क्षेत्रे सांगितली आहेत. त्यांपैकी चित्ताच्या प्रकरणात आठ जोड्यांनी सोळा अवस्था दिल्या आहेत. चित्त सराग असेल तर ते सराग आहे हे जाणावे, विखुरलेले असेल तर विखुरलेले आहे हे जाणावे, असा त्याचा आशय. ब्रह्मदेशातील महासी सयाडो (१९०४–१९८२) यांनी हीच रीत सोपी करून शिकविली. पोटाचे वर येणे व खाली जाणे पाहात बसावे. विचार आला की मनातल्या मनात ‘विचार, विचार’ अशी नोंद करावी आणि पुन्हा पोटाकडे लक्ष आणावे. त्याच्याशी भांडावयाचे नाही, मागे धावावयाचेही नाही. रोजकीर्द लिहिणारा मुनीम रकमेवर रागावत नाही. आली तशी ती मांडतो.

ही साधना केवळ भिक्षूंसाठी आहे, असा समज असल्यास तो सोडावा. रंगूनचे सयाजी ऊ बा खिन १९४८ साली ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले, आणि सरकारी हिशेब सांभाळीत असतानाच ध्यान शिकवीत. अर्धशिशीने त्रासलेले सत्यनारायण गोएंका १९५५ साली त्यांच्याकडे गेले. ते मंडाले येथे जन्मलेले मारवाडी व्यापारी. १९६९ साली ते भारतात आले आणि पुढे इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. त्यांच्या पद्धतीत भर श्वास व शरीरातील संवेदनांवर आहे. पण विचाराबरोबर वाहून न जाण्याची शिस्त तीच. आणि तेथे शीलांचे व्रत घेतल्यावाचून बैठकीस आरंभ होत नाही, हे विशेष.

कारण अलीकडे एक सोयीचा अर्थ रूढ होत आहे, आणि आमचा आक्षेप त्यास आहे. विचार नुसता पाहावा, बरावाईट ठरवू नये, एवढेच उचलले जाते. मग खोट्या मापाचा विचारही ढगासारखा निरुपद्रवी! मज्झिमनिकायातीलच द्वेधावितक्कसुत्त पाहावे. बोधिप्राप्तीपूर्वी आपण विचारांचे दोन वर्ग केले, असे बुद्ध तेथे सांगतात: काम, द्वेष व हिंसा यांचे एकीकडे, त्यांच्या विरुद्ध असलेले दुसरीकडे. पुढे गुराख्याचा दाखला येतो. पावसाळ्याच्या अखेरीस शेते पिकांनी दाटतात, तेव्हा तो काठी घेऊन गुरे आवरतो. पिकात शिरली तर दंड त्यालाच. उन्हाळ्यात पीक गावात आल्यावर मात्र तो झाडाखाली बसतो. गुरे तेथे आहेत, एवढे भान पुरते. घातक विचारास पहिला न्याय, हितकर विचारास दुसरा.

हा फरक बाजारात रोज अनुभवास येतो. गिऱ्हाइकास भाव ठाऊक नाही असे दिसताच किंमत चढविण्याचा विचार मनात उभा राहतो. तो येणे हा अपराध नव्हे. परंतु तो आला हे वेळीच दिसले, तरच जिभेपर्यंत पोहोचण्यापूर्वी आवरता येतो. न दिसलेला विचार सौदा करून मोकळा होतो.

तेव्हा सामायिकात दुकान आठवल्यास खंत करीत बसू नये. नोंद करावी आणि पाठाकडे परतावे. मात्र आसन सोडल्यावर, कोणता विचार पुन्हा पुन्हा येतो, त्यात कोणाचे नुकसान आहे, हे तपासावे. प्रतिक्रमणाचा आरंभ तेथूनच होतो. नुसती कीर्द लिहून कधीच मेळ न घालणाऱ्या पेढीचे पुढे काय होते, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.