तेरची वाट

तुळजापूरला दर्शन घेऊन गाड्या परतीला लागतात. त्याच धाराशिव जिल्ह्यातलं तेर मात्र फारसं कुणाच्या वाटेवर येत नाही. तेरणेकाठचं हे गाव वारकऱ्यांना ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचं म्हणून. पण पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते ‘तगर’ या नावानं भेटतं: पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरची पेठ, जिथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई.

त्रिविक्रम मंदिर आधी बघा. विटांचं, पाठीमागे हत्तीच्या पाठीसारखं गोल. मुळात हा बौद्ध चैत्य असावा, असं अभ्यासक मानतात. मग रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय. तिथली हस्तिदंती बाहुली वीतभरही नाही, पण तिची सख्खी बहीण शोभेल अशी मूर्ती 1938 मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईत सापडली! मी तर त्या काचेपुढून लवकर हललोच नाही.

या अंकात अशीच आडवाटेची गावं आहेत. हॉटेलांची यादी आम्ही मुद्दाम दिलेली नाही. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि गोरोबाकाकांच्या समाधीपाशी कुणी बोलायला लागलं तर घड्याळ बघू नका.