विश्लेषण : विमानातली ‘चांगली’ सीट कोणती? आणि तिच्यासाठी जादा पैसे मोजावेत का?

तिकीट काढल्यावर मोबाइलवर रंगीत चौकटींचा नकाशा उघडतो आणि प्रत्येक चौकटीवर वेगळा भाव दिसतो. सीट निवडली नाही तर काय होते? कोणत्या प्रवाशाने कोणती सीट घ्यावी? आणि नियम काय सांगतात?

एसटीने वाढलेल्या माणसाला जागेची किंमत शिकवावी लागत नाही. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत पडतो, पिशवी पडते, प्रसंगी घरातले एखादे पोरही आत सरकवले जाते. जागा धरली नाही तर उभ्याने जावे लागणार, हे साधे गणित. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी हे २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे राज्यभर माहीत झालेले गाव. तिथून वडीगोद्रीला येऊन सणासुदीला एसटी पकडणाऱ्याला हे गणित तोंडपाठ असते.

आता समजा, याच गावातले आजी-आजोबा पहिल्यांदाच विमानाने हैदराबादला मुलाकडे निघाले आहेत. धुळे-सोलापूर महामार्गाने पाचोड, आडूळ मागे टाकत छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर पोहोचायचे. तिकीट नातवाने मोबाइलवर काढलेले. पैसे भरून झाले, तरी पडद्यावर पुन्हा ‘सीट निवडा’ असे येते. एसटीतली जुनी भीती इथे जागी होते : निवडली नाही आणि जागाच मिळाली नाही तर? या भीतीपोटी अनेक जण तिकिटाच्या वर आणखी काहीशे रुपये मोजून मोकळे होतात. ही भीती अनाठायी आहे आणि ती दूर करण्याची जबाबदारी प्रवाशापेक्षा विमान कंपन्यांवर जास्त आहे.

सीट निवडली नाही तर?

जागा मिळतेच. विमानात उभ्याने प्रवास हा प्रकारच नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, २०२१ च्या परिपत्रकाने पसंतीची सीट, जेवण, जादा सामान अशा सेवांसाठी वेगळे शुल्क घेण्याची मुभा कंपन्यांना दिली. मात्र त्यासाठी अट आहे : प्रवाशाने स्वतःहून ती सेवा मागितली पाहिजे. ज्याने सीट निवडलेली नाही, त्याला उड्डाणापूर्वी सीट आपोआप देण्याची तरतूदही त्यातच आहे. थोडक्यात, जादा पैसे जातात ते निवडीसाठी. बसायची जागा तिकिटातच आलेली असते.

क्वचित कंपनीने क्षमतेपेक्षा जास्त तिकिटे विकलेली असतात. तेव्हा वेळेत पोहोचलेल्या, कन्फर्म तिकीट असलेल्या प्रवाशाला नाकारले आणि तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानाची सोय केली नाही, तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणे कंपनीला भरपाई द्यावी लागते.

लहान मुले सोबत असतील तर?

पालकांना सर्वात जास्त धास्ती असते ती मूल दुसऱ्या रांगेत जाण्याची. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने याबाबत स्पष्ट निर्देश दिले. एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालकांपैकी किमान एकाजवळ सीट देणे कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणून मुलांची आणि मोठ्यांची तिकिटे एकत्र काढावीत. वेगवेगळी काढली तर हा हक्क सांगता येत नाही. संपूर्ण कुटुंब एका रांगेत बसेल, अशी हमी मात्र हा नियम देत नाही.

नकाशा वाचायचा कसा?

देशांतर्गत मार्गांवरची बहुतेक जेट विमाने एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ कुटुंबातली असतात. मध्ये एकच वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. ए आणि एफ खिडकीच्या, बी आणि ई मधल्या, सी आणि डी वाटेकडच्या. १८० सीटच्या विमानात ६० खिडक्या, तर ६० मधल्या सीट. दर तिघांपैकी एकाला मध्ये बसावेच लागते. मोफत वाटपात मधली सीट वाट्याला येण्याची शक्यता जास्त, हेही खरे.

कुणासाठी कोणती सीट?

वारंवार उठावे लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी, गुडघेदुखी असलेल्यांसाठी वाटेकडची सीट बरी. खिडकीतून बाहेर यायचे तर दोघांना उठवावे लागते आणि संकोचापोटी अनेक आजी-आजोबा जागचे हलतच नाहीत.

मळमळणाऱ्यांनी पंखांजवळची सीट पाहावी. एसटीत मागच्या चाकामागे बसलेल्याला प्रत्येक खड्डा कळतो, मधल्याला कमी. विमानाचेही तसेच आहे. पंखांजवळ हेलकावे कमी जाणवतात, शेपटीकडे जास्त. आवाज इंजिनांच्या पुढे कमी आणि मागे जास्त असतो.

आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत पाय पसरायला जागा असते, पण ती सर्वांना मिळत नाही. प्रसंगी दार उघडून मदत करण्याची तयारी आणि ताकद तिथल्या प्रवाशाकडे असावी लागते. मुले, गर्भवती, मदतीची गरज असलेले ज्येष्ठ यांना तिथे बसवत नाहीत. अशा दोन रांगा लागोपाठ असतील तर पुढच्या रांगेची पाठ बहुधा मागे झुकत नाही. पहिल्या रांगेतही पायांना जागा मोकळी, पण समोर सीट नसल्याने पिशवी पायाशी ठेवता येत नाही. शेवटची रांग स्वच्छतागृहाला लागून असते. तिथे गर्दी आणि दाराची उघडझाप सोसावी लागते.

कान दुखण्याचा आणि सीटचा संबंध नाही. उतरताना घोट घोट पाणी पिणे किंवा गोळी चघळणे हाच उपाय.

‘११ ए’ खरेच सुरक्षित आहे का?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. तो ११ ए या सीटवर होता. त्यानंतर या क्रमांकाची मागणी होऊ लागली. पण ते विमान बोइंग ७८७ होते, दोन वाटांचे मोठे विमान, आणि त्यात ११ ए आपत्कालीन दाराशेजारी होती. ए३२० किंवा ७३७ मध्ये तोच क्रमांक वेगळ्या ठिकाणी येतो. काही ७३७ विमानांत तर डावीकडच्या ९ ते ११ या रांगांच्या आसपास एखाद्या सीटला खिडकीच नसते, कारण तिथून वातानुकूलनाची नळी वर जाते. अपघात कसा होतो यावर सारे अवलंबून असते. कोणताही क्रमांक हमी देत नाही. त्यापेक्षा पट्टा बांधलेला ठेवणे आणि आपल्या सीटपासून दार किती रांगांवर आहे हे मोजून ठेवणे जास्त उपयोगाचे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

चिकलठाण्याहून उडताना काय पाहावे?

इथून मुंबई साधारण तासाभरावर, दिल्ली दोन तासांच्या आसपास. एवढ्याशा वेळासाठी पुढच्या रांगेचे शुल्क भरून मिळते ते दहा-पंधरा मिनिटे आधी उतरणे. तेही सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहण्यात जातात. शिडी लावून उतरवले जाते तेव्हा अनेकदा मागचेही दार उघडते आणि शेवटच्या रांगा मधल्यांच्या आधी खाली येतात. छोट्या विमानतळांवर दिसणाऱ्या एटीआर ७२ या पंख्याच्या विमानात तर प्रवाशांचे दारच मागे असते.

पहिल्याच प्रवासात खिडकी हवी असेल, तर तो खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही. पण बाजू पाहून घ्यावी. दिल्लीला सकाळी जाताना ऊन उजवीकडे, एफ बाजूला येते. मुंबईकडे, म्हणजे पश्चिमेला, जाताना डावीकडच्या ए खिडकीतून जायकवाडीचा नाथसागर आणि उजवीकडून देवगिरीचा डोंगर दिसण्याची शक्यता असते. हवा स्वच्छ हवी आणि मार्ग नेहमीचा हवा, एवढेच. पंखांवरच्या रांगांतून मात्र खाली पंखच दिसतो.

मग अडचण कुठे आहे?

निवडीला किंमत लावण्यात नाही. ती कंपनीचा व्यवसाय आहे. अडचण आहे ती निवड सक्तीची वाटावी अशा मांडणीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने वेब चेक-इनवेळी सर्वच सीटना शुल्क लागेल असे जाहीर केले, तेव्हा गदारोळ झाला होता. विमानतळावर चेक-इन मोफत आहे, हेही कंपनीने तेव्हाच सांगितले होते. पण लोकांच्या लक्षात राहिले ते शुल्क.

ग्राहकांना फसव्या मांडणीतून खर्चात ओढण्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यात अशा १३ प्रकारांची यादी आहे. ग्राहकाला ओशाळवाणे करून खर्च करायला लावणे, हा त्यातला एक. विमा न घेणाऱ्या प्रवाशाकडून ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या बटणावर टिचकी मारून घेणे, हे तिथे दिलेले उदाहरण विमान तिकिटाचेच आहे. सीटच्या नकाशावर मोठे, ठळक ‘पुढे जा’ बटण पैसे भरणाऱ्यासाठी आणि ‘सीट न निवडता पुढे’ हे फिकट, बारीक अक्षरांत, ही मांडणी त्याच पठडीतली नाही का?

उपाय फार मोठा नाही. नकाशाच्या वर एकच वाक्य हवे, ठळक आणि मराठीत : ‘सीट निवडणे ऐच्छिक आहे, न निवडल्यास आम्ही मोफत देऊ.’ एसटीत खिडकीला वेगळा भाव नसतो, म्हणून तिथे रुमाल टाकावा लागतो. विमानात तिकीट काढले तेव्हाच रुमाल टाकून झालेला असतो. अंतरवाली सराटीच्या आजींना हे विमान कंपनीने सांगायला हवे. ती सांगेपर्यंत नातवाने सांगावे : गुडघा दुखत असेल तर वाटेकडची सीट जरूर विकत घ्या, खाली गाव बघायचे असेल तर खिडकी घ्या. जागा मिळणार नाही, या भीतीपोटी मात्र एक रुपयाही देऊ नका.