गाभाऱ्याचं बिल घरमालकाला का?

इंग्लंडमध्ये घर घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींना सल्ला देणारे एक सद्गृहस्थ आहेत. परवा त्यांचं म्हणणं मी तिसऱ्यांदा ऐकलं. "चॅन्सल रिपेअरचा बाऊ करू नका. थोडक्या पौंडांत एकदाच विमा मिळतो. सही करा, मोकळे व्हा. 2013 पासून ते प्रकरण तसंही संपलंय. आणि आपल्याकडे देवस्थानच्या जमिनी नाहीत का? तसंच हे!" समोरच्या तरुण जोडप्याने माना डोलावल्या, म्हणून हे लिहायला बसलो.

चर्चच्या पूर्वेकडचा, वेदी असते तो भाग म्हणजे चॅन्सल. आपल्या भाषेत गाभारा. इंग्लंड-वेल्समध्ये मध्ययुगापासूनची रीत अशी, की सभामंडप गावाने राखायचा आणि गाभारा रेक्टरने, म्हणजे तिथल्या धर्मगुरूने किंवा मठाने. त्यासाठी रेक्टरला पिकाचा दशमांश आणि चर्चची शेतजमीन मिळे. 1536 ते 1541 या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले. मठांकडचे हे हक्क खासगी लोकांच्या हाती गेले आणि गाभाऱ्याची दुरुस्तीही त्यांच्या गळ्यात पडली. पुढे सामाईक शेतं कुंपणं घालून वाटली गेली, तेव्हा अनेक गावांत दशमांशाऐवजी जमीन तोडून दिली. ओझं त्या जमिनीला चिकटलं. आज तिथे कुणाचं शेत आहे, कुणाचं घर.

आता ती देवस्थानाची तुलना. ती ऐकूनच माझं डोकं फिरतं, कारण मी इनाम जमिनीच्या गावात वाढलो आहे. आमच्या गुरवाकडे देवळाची जमीन होती. पहाटे पूजा, संध्याकाळी दिवाबत्ती, सणाला नैवेद्य ही त्याची कामं, आणि त्या बदल्यात जमिनीचं उत्पन्न त्याचं. सातबाऱ्यावर देवाचं नाव होतं. ही जमीन विकायची नसते हे गावातलं शाळकरी पोरही सांगत असे. म्हणजे खाणारा तोच, राबणारा तोच, आणि कागद चारचौघांत उघडा. इथे यातलं काय आहे? दशमांशाच्या जागी आलेला जमिनीवरचा आकार 1936 च्या कायद्याने बंद झाला. तोडून दिलेल्या जमिनीचा लाभ पहिल्या धन्याने घेतला. आजचा खरेदीदार तीच जमीन पूर्ण बाजारभावाने, वीस-पंचवीस वर्षांचं कर्ज काढून घेतो. ताट एकाने चाटलं आणि खरकटं तिसऱ्याने काढायचं, हे कुठल्या देवस्थानात चालतं?

वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलोचं उदाहरण घ्या. तिथल्या एका शेतावर 1743 च्या वाटणीपासून हे ओझं होतं. चर्चच्या समितीने शेतमालक दांपत्याकडे सुमारे 95,000 पौंड मागितले. अपील न्यायालयाने 2001 मध्ये दांपत्याच्या बाजूने निकाल दिला. 2003 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरवला. रक्कम ठरेपर्यंत ती 1,86,000 पौंडांच्या घरात गेली, वर व्हॅट आणि वकिलांचा खर्च. अखेर शेत विकावं लागलं. कागदपत्रांत या ओझ्याचा उल्लेख होता, असं सद्गृहस्थ म्हणतील. होता. पण रकमेला मर्यादा कुठे होती? अशा जमिनीचे दहा तुकडे पडले, तरी एकाच तुकड्याच्या मालकाकडे पूर्ण रक्कम मागता येते. गुरवाला कुणी असं लुटलं नाही.

जुन्या वास्तू जपायला नकोत का, असंही ते विचारतात. जपायलाच हव्यात, पण सगळ्यांच्या पैशातून.

आणि प्रकरण संपलंय म्हणता, तर विमा कशाचा काढायला लावता? 13 ऑक्टोबर 2013 नंतर पैसे देऊन घेतलेल्या घराच्या टायटल रजिस्टरवर खरेदी नोंदताना ही जबाबदारी आलेली नसेल, तर नवा मालक सुटतो. पण जो त्याआधीपासून राहतोय, किंवा ज्याला घर वारशाने मिळालंय, त्याच्या घरावर ती नोंद आजही चढवता येते. आम्ही रेडिंगजवळ घर घेतलं ते 2012 मध्ये. खरेदीआधीच्या कायदेशीर शोधाच्या अहवालात लिहिलं होतं, की या पॅरिशमध्ये धोका संभवतो. आमच्याच जमिनीवर तो आहे का, यावर अवाक्षर नव्हतं. चर्च चार मिनिटांच्या वाटेवर. मी म्हटलं, जाऊन विचारून येतो. वकिलीणबाईंनी त्याच दिवशी ईमेल केला: चर्चशी अजिबात संपर्क करू नका, नाहीतर पॉलिसी मिळणार नाही. मी गेलो नाही, पैसे भरले. पॉलिसीवर भरपाईची कमाल रक्कम छापलेली आहे. जबाबदारीला मात्र कमाल नाही. शेजाऱ्याला साधा प्रश्न विचारायचा नाही, ही ज्या विम्याची अट, त्याला मी सोय म्हणू शकत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, थोडक्यात भागतंय ना? असं भागत राहतं म्हणूनच कायदा बदलायची कुणाला घाई नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही जबाबदारी कायद्याने रद्द करावी. कायदा सुधारणा आयोगाने 1985 मध्येच दहा वर्षांची मुदत देऊन ती संपवा अशी शिफारस केली होती. ती मान्य झाली असती, तर आमच्या खरेदीत हा शब्दही आला नसता. दुरुस्तीला सरकारी निधी द्यावा, देणग्या गोळा कराव्यात; मीही देईन.

त्या जोडप्याला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. ते घेताहेत ते घर 2016 मध्ये एकदा विकलं गेलंय आणि रजिस्टरवर अशी नोंद नाही. म्हटलं, सही करण्याआधी वकिलाला लेखी विचारा, की नोंद नसताना हा विमा नेमका कशासाठी, आणि बँकेने तो मागितलाय का. त्यांनी शुक्रवारी पत्र धाडलं आहे.