घार पिल्लू नेते, कोंबडी नव्हे

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये बॅरेकच्या मागे, अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींत आणि आसपासच्या पाड्यांवर आजही गावठी कोंबड्या पाळल्या जातात. गटारी जवळ आली की गावठी कोंबड्याला ब्रॉयलरपेक्षा कितीतरी चढा भाव मिळतो, त्यामुळे हा नुसता हौसेचा मामला नाही. घारीने पिल्लू उचलले की जीव तळमळतो तो त्यामुळेच. मग बेचकी निघते, फटाके लागतात, क्वचित कुणी विष लावलेला मांसाचा तुकडाही टाकतो. पण नुकसान थांबवायचे असेल तर आभाळाकडे नव्हे, खुराड्याकडे बघायला हवे.

आधी वजनाचा हिशेब मांडू. घार साधारण पाऊण किलोची. शिक्रा तर तिच्याहून खूपच लहान, दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. दीड किलोची कोंबडी उचलून नेणे यांतल्या कुणाच्याच आवाक्यात नाही. अंड्यातून नुकते निघालेले पिल्लू मात्र पस्तीस-चाळीस ग्रॅमचे असते. घार घिरट्या घालत उघडी जागा हेरते, झेपावते, नखांत पिल्लू धरते आणि जमिनीवर न थांबता वर निघून जाते. शिक्रा फांदीआड दबा धरून बसतो. दोघांनाही लागते ती वरून मोकळी वाट, आणि ती बंद करायची असते फक्त पहिले दीड-दोन महिने. त्यासाठी डालगे पुरते, किंवा लाकडी चौकटीला चारही बाजूंनी व वरून ठोकलेली अर्ध्या इंचाची तारेची जाळी. नायलॉनची सैल जाळी टाळावी. तिच्यात पक्षी अडकतात आणि पिल्लांचे पायही. रात्री पिल्ले गायब होत असतील तर घारीला दोष देण्यात अर्थ नाही. ती तेव्हा झोपलेली असते. मांजर, मुंगूस, घूस शोधा आणि खुराड्याची जमिनीलगतची फट बुजवा.

कोंडून ठेवले तर गावठीपणा काय राहिला, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, कारण किडे-मुंग्या टिपूनच ही पिल्ले धट्टीकट्टी होतात. पण बिनतळाची चौकट रोज हातभर सरकवली की त्यांना नवी माती मिळते, आणि दोन महिन्यांनी मोकळे सोडायचेच आहे. खर्चाचे म्हणाल तर भंगारवाल्याकडच्या जुन्या खिडकीच्या जाळ्याही चालतात. चमकत्या सीड्या टांगणे सोपे खरे, पण शहरातली घार हॉर्न आणि लाउडस्पीकरमध्ये वाढलेली. तिला त्यांची सवय व्हायला वेळ लागत नाही.

‘घारीच फार झाल्यात, कमी करा’ हा आक्षेप जास्त गंभीर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घारीला संरक्षण आहे, तेव्हा तिला मारणे गुन्हा. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हा उपाय टिकत नाही. मटण-मासळीच्या दुकानांमागे आतडी-पिसे उघड्यावर पडतात तोवर एका घारीच्या जागी दुसरी येणारच. तो कचरा बंद डब्यातून रोज उचलणे हे पालिकेचे काम आहे आणि तिथे नागरिकांनी आवाज चढवायलाच हवा. मेलेले उंदीर आणि सडके मांस संपवणारा पक्षी नाहीसा झाला की काय होते, ते गिधाडांनी दाखवले आहे: डायक्लोफेनॅकने ती जवळजवळ संपली आणि जनावरांसाठीच्या त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आणावी लागली, तोवर उशीर झाला होता. विषाचा तुकडा तर घारच खाईल याची हमी नसते. गल्लीतले कुत्रे किंवा शेजाऱ्याची मांजरही तो खाते.

जाळीवर एखादा पत्रा टाकला तर आणखी एक गोष्ट साधते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा दाण्यापाण्यात न पडणे ही त्या रोगाविरुद्धची पहिली काळजी, आणि ती पत्र्याने घेतली जाते. कोंबडी खुडूक बसली की पिल्ले निघायला एकवीस दिवस असतात. तेवढ्यात चौकट ठोकून घ्या.